हुशार मुलीचा बाप

हुशार मुलाचा बाप होण्यासारखं दुसरं सुख नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्या घरी हुशार मूल नसावं. मूल चारचौघांसारखं असलं तर बापाला एकच काळजी : हे पास होतंय की नाही? मूल हुशार निघालं, की त्या एका काळजीला दहा फांद्या फुटतात. मी हे अनुभवानं सांगतो.

आज हा विषय निघायचं कारण आमच्या लेकीचा फोन. गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला ती बंगळूरहून बोलत होती. प्रकृती, पाऊस, भाजीचे भाव असं सगळं झाल्यावर जरा थांबली नि म्हणाली, “बाबा, तुमच्या नातवाला त्याच्या शाळेनं हुशार मुलांच्या खास वर्गासाठी निवडलंय. पाठवू की नको? तुम्ही मला पाठवलंत, तेव्हा कसं ठरवलंत?”

मी म्हटलं, “उद्या सांगतो.”

पस्तीस वर्षांत हा प्रश्न तिनं मला प्रथमच विचारला होता. आणि खरं उत्तर इतकं सरळ नव्हतं, की फोनवर चटकन सांगून मोकळं व्हावं.

गोष्ट १९९० सालची. आम्ही तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. मी बँकेत, सौ. घरी, आणि चिमी चौथीत. स्कॉलरशिपची परीक्षा मध्यंतरी काही वर्षं पाचवीला नि आठवीला होती. तेव्हा ती चौथीला नि सातवीला असे. त्या वर्षी आमच्या भागातल्या एका शाळेनं निवडक मुलांची एक खास तुकडी काढायचं ठरवलं. पाचवीपासून तीस मुलं, वेगळे शिक्षक, वेगळा अभ्यासक्रम. पुण्याला ही कल्पना नवी नव्हती. अप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनीचं काम १९६२ सालीच सुरू केलं होतं आणि १९६९ पासून तिची स्वतंत्र प्रशालाही उभी होती. आमच्या शाळेनं त्याच वाटेनं एक छोटं पाऊल टाकलं, इतकंच.

चिमी एका रविवारी सकाळी चाचणी देऊन आली. पंधरा दिवसांनी पत्र आलं : “आपल्या कन्येची निवड झाली असून आठ दिवसांत होकार कळवावा.”

सौ.नं शिरा केला. मी पत्र खिशात घालून बँकेत गेलो आणि दुपारपर्यंत ते इतक्यांना दाखवलं, की त्याच्या घड्या मळल्या. संध्याकाळपर्यंत मला सात सल्ले मिळाले. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, “संधी दारात आलीय, दार लावू नका.” समोरच्या काकू म्हणाल्या, “पोरीला खेळू द्या हो, चष्मा लागेल.” आमचे हेडकॅशिअर म्हणाले, “डोक्यावर चढेल.” चार सल्ले होकाराचे, तीन नकाराचे. आणि सातही जणांनी शेवटी एकच वाक्य ऐकवलं : “अर्थात, निर्णय तुमचा!”

रात्री मला झोप येईना. सौ. म्हणाली, “एवढी आनंदाची गोष्ट, आणि तुम्ही कसला विचार करताय?”

मी दादाचा विचार करत होतो.

दादा माझा थोरला भाऊ. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात त्याच्यासारखा पोरगा झाला नव्हता. वडील शाळामास्तर. दादाला तीसपर्यंतचे पाढे पाचव्या वर्षी येत. त्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. पाहुणा आला, की वडील त्याला ओसरीवर उभा करीत. पाहुणा सगळ्यांत अवघड म्हणून औटकी विचारी, म्हणजे साडेतीनचा पाढा. “सात?” “साडेचोवीस.” “तेरा?” “साडेपंचेचाळीस.” पाहुणा मान डोलवी, वडिलांची छाती फुगे आणि मी दाराआडून बघत असे. मला अडीचकीही धड येत नव्हती. त्यामुळं मला कुणी ओसरीवर बोलावलं नाही, आणि माझं बालपण बरं गेलं.

दादा शाळेत लवकर बसला होता. त्यात त्याला दुसरीतून एकदम चौथीत घातला. डबल प्रमोशन हा त्या काळी घराण्याचा मान होता. वर्गातली पोरं त्याच्याहून दोन-दोन वर्षांनी मोठी. गणितं सोडवून घ्यायला त्याला बोलवीत, विटीदांडू खेळायला मात्र बोलवीत नसत. १९५९ साली पंधराव्या वर्षी तो मॅट्रिक झाला, जिल्ह्यात नाव झालं, पुण्याला कॉलेजात गेला. आणि इंटर सायन्सला नापास झाला.

दुसरा मुलगा असता तर पुन्हा बसला असता. दादा बसला नाही. गावी परत आला नि पुढं साताऱ्याला एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटला. घरात त्यानंतर पाढ्यांचा विषय कुणी काढला नाही. ‘हुशार’ हा शब्दच आमच्या घरातून गेला. तो एकोणतीस वर्षांनी एका छापील पत्रावर बसून माझ्या घरी आला होता.

शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक आटोपून मी साताऱ्याची एस. टी. पकडली.

दादा अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मांडीवर जुनं कॅलेंडर उलटं घातलेलं. महिना उलटला, की त्या पानाच्या कोऱ्या बाजूवर तो गणितं मांडत बसे. मी पत्र पुढं केलं. त्यानं दोनदा वाचलं.

“मग घोडं कुठं अडलंय?” त्यानं विचारलं.

मला बोलवेना. तो मात्र माझ्या मनातलं सहज बोलला. “माझं झालं तसं तिचं होईल, याची भीती वाटते होय तुला?”

मी खाली बघत राहिलो.

“अरे, हुशार म्हटल्यानं माझं काही वाकडं झालं नाही. मी एकटा होतो, त्यानं झालं. सबंध गावात मला न येणारं गणित घालणारं कुणी नव्हतं. इंटरला नापास झालो तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, आणि त्याआधी मला एकदाही हरायला मिळालं नव्हतं. आठव्या वर्षी पडलो असतो तर गुडघा फुटला असता नि खपली धरली असती. सतराव्या वर्षी पडलो. मग उठायची लाज वाटली.” तो जरा थांबला. “इथं तीस पोरं आहेत म्हणतोस. तिच्याहून वरचढ त्यांत दहा तरी असतीलच. मग पाठव. पण ती पहिली येणार नाही, हे झेपेल का?”

“लहान आहे रे ती अजून...”

“तिला झेपेल. मी तुझं विचारतोय.”

निघताना एस. टी. स्टँडवर तो म्हणाला, “आणि हो, पोरीला विचारलंस का?”

पोरीला कुणीच विचारलं नव्हतं. सातही सल्लागारांनी नाही, सौ.नं नाही, मीही नाही.

रविवारी सकाळी विचारलं. चिमी जिन्यात सागरगोटे खेळत होती. तिनं आधी तिथली मधली सुट्टी किती वेळाची, ते विचारलं. मग खालच्या मजल्यावरची तिची जिवाभावाची मैत्रीण बरोबर येणार का, ते विचारलं. ‘नाही’ म्हटल्यावर बराच वेळ गोटे नुसतेच हातात खुळखुळवत राहिली. मग म्हणाली, “बाबा, त्या परीक्षेत एक कोडं मला सुटलंच नाही. तिथं गेले तर ते सांगतील का?”

त्या वाक्यावर मी होकार कळवला. सुटलेल्या कोड्यांचं कौतुक आम्ही मोठी माणसं करत होतो. तिला न सुटलेल्याची ओढ होती. अशा मुलाला जिथं रोज एखादं न सुटणारं कोडं मिळेल तिथं न्यावं, एवढं माझ्यासारख्या अडीचकी न येणाऱ्यालाही कळलं.

वाचकहो, इथं गोष्ट संपवली असती तर मी शहाणा बाप ठरलो असतो. पण पुढं सहामाही आली. चौथीपर्यंत पहिला नंबर न सोडलेली आमची मुलगी तीस मुलांत एकोणिसावी आली. तिनं प्रगतिपुस्तक माझ्या हातात दिलं आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मी काय बोललो, ते मला आठवत नाही. रात्री दिवा मालवल्यावर छताकडं बघत पडलो होतो नि दादाचा प्रश्न कानात घुमत होता, हे पक्कं आठवतं.

निवृत्तीनंतर वाचनालयात बसून मी या विषयावर सापडेल ते वाचलं. तेव्हा कळलं, की अशा वर्गांत गेलेल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास काही काळ डळमळतो. १९८० नंतर हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञानं त्यावर बरंच संशोधन केलं आहे. डबक्यातला मोठा मासा तळ्यात गेला, की त्याला आपण लहान झाल्यासारखं वाटतं, असा त्याचा मथितार्थ.

आणखीही गमती कळल्या. ज्या चाचण्यांनी आपण हुशार मुलं वेचतो, त्यांचा आद्य जनक आल्फ्रेड बिने. त्यानं आपली चाचणी १९०५ साली पॅरिसमध्ये तयार केली, ती मागं पडणारी मुलं शोधून त्यांना मदत देता यावी म्हणून! आपल्याकडं स्वातंत्र्यापूर्वीच डॉ. कामत यांनी ती मराठीत नि कानडीत आणली. तिकडं अमेरिकेत लुई टर्मन यांनी १९२१ पासून दीड हजार बुद्धिमान मुलं निवडून त्यांचा जन्मभर मागोवा घ्यायची योजना आखली. त्या चाळणीतून दोन मुलगे खाली पडले : विल्यम शॉक्ली आणि लुई अल्वारेझ. शॉक्लींना १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळालं, अल्वारेझना १९६८ साली. निवडलेल्या दीड हजारांत मात्र नोबेल कुणालाच मिळालं नाही. म्हणून चाचण्या खोट्या, असं मी म्हणणार नाही. चाळणी खोटी नसते. पण एका सकाळी चाळणीत जे राहिलं तेवढंच धान्य, असं समजणाऱ्या गृहिणीला आपण काय म्हणू?

चिमीचं पुढं काय झालं, हे तुम्ही विचारालच. ती कधी सातवी आली, कधी बाविसावी. इंजिनीअर झाली, नोकरी करते, संसार करते. वर्तमानपत्रात तिचा फोटो कधी आला नाही. पण बारावीला गणितात मार्क कमी पडले तेव्हा दोन दिवस रडली नि तिसऱ्या दिवशी उठून कामाला लागली. त्या तिसऱ्या दिवशी मला दादाची फार आठवण झाली.

एक गोष्ट मात्र गमावली, तीही सांगायला हवी. खालच्या मजल्यावरची ती मैत्रीण. दोघींच्या शाळेच्या वेळा वेगळ्या, अभ्यास वेगळा. पहिल्या वर्षी संध्याकाळी खालून हाक यायची. दुसऱ्या वर्षी ती कमी झाली, मग बंद पडली. मी ठरवलं असतं तर रोजचा अर्धा तास त्या दोघींसाठी राखून ठेवता आला असता. हुशारीच्या हिशोबात मैत्रिणीचं खातं मी उघडलंच नव्हतं. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाची ही चूक!

दुसऱ्या दिवशी मी लेकीला हे सगळं फोनवर सांगितलं. म्हटलं, “आधी त्याला विचार. नंतर तुम्ही दोघं स्वतःला विचारा, तो तिथं विसावा आला तर तुमच्या घरात त्या रात्री जेवण नेहमीसारखं होईल का? होणार असेल तर खुशाल पाठव. आणि त्याचा शेजारचा मित्र सांभाळ. नाहीच रमला तर परत आण. त्यात कमीपणा नाही.”

ती हसली. म्हणाली, “बाबा, मी एकोणिसावी आले होते त्या संध्याकाळी तुम्ही मला सारसबागेत भेळ खायला नेलं होतंत. परत येताना खांद्यावर घेतलंत. मी चांगली मोठी होते, तरी. आठवतं?”

मला आठवत नव्हतं. इतकी वर्षं मी तो आकडा सांभाळून ठेवला होता, आणि तिनं भेळ.