फुलर्टन : एका रेडिओ दुरुस्तीवाल्याचे गाव

लॉस एंजलिसहून आग्नेयेकडे निघालेली रेल्वे चाळीसेक किलोमीटरवर फुलर्टनला थांबते. स्पॅनिश धाटणीचे टुमदार स्टेशन आणि मागे शांत गाव. एकेकाळी या परिसरात संत्र्यांच्या बागाच बागा होत्या. बागा गेल्या, घरे उठली. पण गिटारवादकांच्या नकाशावर फुलर्टन कायम राहिले ते लिओ फेंडर (१९०९-१९९१) यांच्यामुळे.

शिक्षणाने हिशेबनीस असलेल्या फेंडर यांनी १९३८ मध्ये इथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. वादक मंडळी आपले बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर तिथे घेऊन येत. १९४६ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. गंमत म्हणजे गिटार वाजवायला ते कधीच शिकले नाहीत! गावच्या संग्रहालयात आज त्यांच्या नावाचे दालन आहे.

दुरुस्ती करणाऱ्याच्या अडचणी त्यांना ठाऊक होत्या. त्यांचा छोटा 'चॅम्प' अ‍ॅम्प्लिफायर पाहा. अवघे तीन व्हॉल्व्ह, एक स्पीकर आणि एका पट्टीवर ओळीने मांडलेले सुटे भाग. म्हणूनच साठ वर्षांनंतरही त्याचा आवाज बिघडला, तर दोष शोधता येतो.

जाणता कारागीर सोप्याकडून अवघडाकडे जातो. आधी वायर आणि गिटार बदलून पाहायची, मग स्पीकर. त्यानंतर व्हॉल्व्ह. पेन्सिलीने हलकेच टिचकी मारताच एखादा व्हॉल्व्ह 'टण्‌' असा बोलला, तर तो बदलायचा. खरखर येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हच्या बैठकीत किंवा आवाजाच्या बटणात मळ साचलेला असतो. सतत घरघर ऐकू आली, तर वीजप्रवाह संथ करणारे कपॅसिटर वाळले असावेत. व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांच्या घरी होता, त्यांना ही घरघर ओळखीची वाटेल. आवाज घुसमटलेला, फाटका येतो आणि मोठा व्हॉल्व्ह आतून लालबुंद होतो, तेव्हा संशय दुसऱ्या एका कपॅसिटरवर घ्यावा. ध्वनीला वाट द्यायची आणि स्थिर वीजदाब अडवायचा, हे त्याचे काम. तो गळू लागला, की वीजदाब नको तिथे पोचतो. अशा वेळी यंत्र लगेच बंद करावे.

मात्र हौसेखातर ही पेटी उघडू नये. आत ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो टिकून राहतो. तो धक्का जिवावर बेतू शकतो.

फुलर्टनच्या कारखान्यात तारा जोडण्याचे काम अनेक स्त्रिया करीत. कित्येक जुन्या पेट्यांत कागदी चिकटपट्टीवर त्यांची नावे सापडतात. आडनाव नाही, नुसते नाव. वाळलेले कपॅसिटर निघतात, नवे बसतात; ती पट्टी मात्र चांगला कारागीर जागची हलवत नाही.