बाल्कनी नको, खिडकी हवी

गेल्या डिसेंबरात आम्ही सहा जण मुंबईहून जहाजाने गोव्याला जाऊन आलो. तीन रात्री, चार दिवस. आल्यापासून आमच्या नात्यागोत्यात मी जणू जहाजाची एजंट झाले आहे. नणंद विचारते, खालाची मुलगी विचारते, खालच्या मजल्यावरची शेजारीण विचारते. जेवणाचं कुणी विचारत नाही, गोव्यात काय पाहिलं तेही नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "मुलं आहेत, तर खोली कुठली घेऊ?" फोनवर तेच तेच सांगून थकले, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी आम्ही सहा जण कोण ते सांगते, कारण खोलीचा हिशोब तिथूनच सुरू होतो. मी, माझे मियां, बारा वर्षांची थोरली, आठ वर्षांचा मुलगा, अडीच वर्षांची धाकटी आणि माझे अब्बा. अब्बांचं वय 74. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावातली निम्मी घरं जशी जहाजावरच्या पगारावर उभी राहिली, तसंच आमचंही. अब्बा इंजिन रूमला होते, तेलवाला. अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. अम्मी गेल्यापासून त्यांचं रात्रीचं तंत्र बिघडलंय. मध्यरात्री उठतात. कधी पाणी पिऊन परत झोपतात, तर कधी पायात चपला घालून दाराशी उभे: "बारा-चारची वॉच आहे माझी." जागं करून सांगितलं की भानावर येतात आणि खजील होतात. डॉक्टर म्हणतात, ही सुरुवात आहे.

त्यांना घरी ठेवून जायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. भाऊ म्हणाला, "आपा, अडीच वर्षांची पोर आणि अब्बा, दोघांना घेऊन पाण्यावर? वेड लागलंय का तुला?" त्यामुळे आमच्यासाठी खोलीची निवड ही हौसेची गोष्ट राहिली नव्हती.

जहाजावर साधारण चार प्रकारच्या खोल्या असतात. आतली, म्हणजे बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची, आणि सुइट, ज्याचा विचार आपण कौतुकाने वाचून सोडून द्यायचा. एजंट पहिल्यांदा बाल्कनीचेच फोटो दाखवतो. पांढरा झगा, कॉफीचा कप, पुढे निळं पाणी. नवीन परदेशी जहाजांवर बाल्कन्यांच्या रांगाच्या रांगा असतात. मुंबईहून सुटणारं 'एम्प्रेस' मात्र 1990 साली फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत बांधलेलं, तेव्हा त्याचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस' होतं. त्या काळच्या जहाजांवर बाल्कन्या मोजक्याच. बहुतेक खोल्या आतल्या नाहीतर खिडकीच्या. त्यामुळे बाल्कनी महाग, आणि एजंटला ती खपवायची घाई.

"खोलीत काय, झोपायला तर जायचं!" असं सांगणारे भेटतील. त्यांना मुलं नसतात, किंवा असली तर ती दुसरं कुणीतरी सांभाळतं. अडीच वर्षांचं मूल दुपारी दोन तास झोपतं, रात्री साडेआठला पेंगतं, आणि तेवढा वेळ घरातलं एक मोठं माणूस त्या खोलीत अडकून पडतं. बाल्कनीच्या बाजूने एवढा एकच मुद्दा मला खरोखर पटतो: मूल आत झोपलंय, आपण बाहेर खुर्ची टाकून बसलोय. बाकी सगळा फोटोंचा मामला.

तरी बाल्कनी मी पहिल्याच दिवशी खोडली. बाल्कनीचा कठडा लहान मुलाच्या डोक्याच्या वर येतो. अमेरिकेच्या 2010च्या कायद्याने तो 42 इंच, म्हणजे मीटरभराहून थोडा जास्त उंच ठेवायला सांगितलंय. सरकत्या दाराला वरच्या बाजूला खटकाही असतो. पण बाल्कनीत खुर्ची असते, छोटं टेबल असतं, आणि आमची धाकटी घरात खुर्ची ओढत नेऊन फ्रिजवरचा बिस्किटांचा डबा काढते. आणि वरच्या खटक्यापर्यंत जिचा हात पोचत नाही ती एक. ज्यांचा पोचतो असे अब्बा दुसरे. मध्यरात्री वॉचला निघालेल्या माणसाला दार कुठलं आणि बाल्कनी कुठली, हे कोण सांगणार? मुलं शहाणी आणि मोठी असतील तर बाल्कनी जरूर घ्या, फक्त बुकिंग करताना त्या खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, हे विचारा. स्वस्तात मिळणाऱ्या दर्शनी खोल्यांपुढे बऱ्याचदा केशरी होडीचं पोटच दिसतं.

मग राहिली आतली खोली. ती सगळ्यात स्वस्त, आणि लहान मुलांसाठी लोक समजतात तितकी वाईट नाही. दिवा मालवला की इतका मिट्ट काळोख होतो की सकाळी सहाला उठणारं पोर आठपर्यंत झोपतं. ज्यांना फारच अंधार वाटतो ते टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनेल आवाज बंद करून लावून ठेवतात. पण जो काळोख धाकटीला झोपवेल, तोच अब्बांना घाबरवेल. डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यांना जाग आली तर कुठे आहोत ते दिसलं पाहिजे. दिवस की रात्र, तेवढं तरी कळलं पाहिजे. म्हणून खिडकी. न उघडणारी, जाड काचेची, पक्की बसवलेली खिडकी.

कुठल्या मजल्यावर आणि कुठल्या भागात, हे मात्र मी अब्बांनाच विचारलं. जहाजाच्या मजल्यांचा नकाशा छापून त्यांच्यापुढे ठेवला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिला आणि बोट बरोबर मधोमध, खालच्या बाजूला टेकवलं. समजावताना त्यांनी हाताची फळी केली. समोरून लाट आली की जहाजाचं नाक उठतं, शेपूट बसते. सी-सॉ असतो तसं. मधल्याला कमीत कमी झोका. आणि डुलतं तेव्हा जितकं वर जाल तितकं जास्त फेकलं जाल. "वरचा मजला साहेबलोकांना, उलट्या पण त्यांनाच," असं म्हणून ते हसले. त्या दिवशी ते तासभर बोलत होते. कुठलाही शब्द शोधावा लागला नाही त्यांना.

हेच ज्ञान त्यांनी नानीच्या हजच्या वेळीही वापरलं होतं. ती 'अकबर' जहाजाने गेली होती, मुंबई ते जिद्दा, आठवडाभराचा प्रवास. (समुद्रमार्गे हज 1995पासून बंद झाला, आता ते ऐकलेलं सांगणारेही कमी उरले.) बंक क्लासमध्ये एकावर एक फळ्या. अब्बांनी ओळखीच्या सारंगाला सांगून तिला मधली, खालची जागा मिळवून दिली. नानी शेवटपर्यंत सांगायची, बाकीच्या बाया लिंबं हुंगत पडल्या होत्या आणि ती सगळ्यांची पाण्याची भांडी भरत होती.

डिसेंबरात अरबी समुद्र शांत असतो, त्यामुळे झोक्याचा फार बाऊ करू नका. आवाजाचा करा. नकाशा पाहताना आपण फक्त आपला मजला पाहतो; वरचा आणि खालचाही पाहायचा. खोलीच्या वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, स्वयंपाकघर असेल तर ट्रॉल्यांचा, आणि खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत छाती धडधडते. अगदी पुढे आणि खाली घेतली तर नांगराची साखळी, बंदरात शिरताना जहाज बाजूला सरकवणारे पंखे. अगदी मागे इंजिनाची थरथर. वर खोल्या, खाली खोल्या, मध्ये आपण, हे सगळ्यात बरं. लिफ्टच्या जवळ घ्या, लिफ्टला चिकटून नको. "कंपनी देईल ती खोली" या अटीवर तिकीट स्वस्त पडतं, एकट्या-दुकट्याने घ्यावं. लेकुरवाळ्यांनी खोलीचा नंबर हातात आल्याशिवाय पैसे भरू नयेत.

आता माणसांचा हिशोब. चार जणांची खोली म्हणजे दोन पलंग खाली आणि दोन बर्थ भिंतीतून किंवा छतातून निघणारे, रेल्वेसारखे. रात्री ते उघडले की जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही. सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बर्थवर झोपवू नये, हा साधा नियम. त्यामुळे "चार जणांची" खोली छोटी मुलं असलेल्यांना खरी तीनच जणांची. तान्हं बाळही माथ्यागणिक मोजलं जातं, कारण मोजणी पलंगांची नसते, लाइफबोटीतल्या जागांची असते. कधी कधी खोलीत बर्थ रिकामा असूनही कंपनी चौथं माणूस घेत नाही, ते यामुळेच. त्यात चिडण्यासारखं काही नाही.

आम्ही दोन खोल्या घेतल्या. एका बाल्कनीला जे पैसे पडत होते, त्यात थोडी भर घातली की खिडकीच्या दोन येत होत्या. इथे एक शब्द नीट ऐका. "शेजारच्या" खोल्या वेगळ्या आणि "कनेक्टिंग" वेगळ्या. कनेक्टिंगला आतून दार असतं, शेजारच्यांना फक्त भिंत. फोनवर एजंट दोन्हीला "हो हो, जवळजवळच आहेत" म्हणतो. आम्हाला आतल्या दाराच्या खोल्या मिळाल्या नाहीत, शेजारच्या मिळाल्या. थोरलीला वाटत होतं, ती आणि भाऊ एका खोलीत एकटे राहतील, पण प्रत्येक खोलीत एक मोठं माणूस हवंच, असं बहुतेक कंपन्या सांगतात. मग एका खोलीत मी आणि दोघी मुली, दुसऱ्या खोलीत अब्बा, नातू आणि मियां. मियांचा पलंग दाराकडचा.

कारण खोलीचं दार आतून कधीच अडवता येत नाही. आग लागली तर माणूस बाहेर पडलंच पाहिजे, म्हणून हँडल फिरवलं की ते उघडतं. आणि ते जड असतं, आपोआप मिटतं. (लहान मुलांची बोटं सांभाळा. न्हाणीघराचा उंच उंबरठाही.) मी धाकटीचे जुने पैंजण दोन्ही दारांच्या आतल्या हँडलला बांधले. बुकिंगच्या वेळीच अब्बांचं लेखी कळवलं होतं, चढल्यावर मजल्यावरच्या कर्मचाऱ्यालाही सांगितलं. तो गोव्याचा होता. म्हणाला, "माझे पप्पाही जहाजावर होते." पुढे काही सांगावं लागलं नाही. त्याच्याकडूनच धाकटीच्या मापाचं लाइफजॅकेट मागून घेतलं. खोलीत मोठ्यांचीच असतात. जहाज सुटताना होणाऱ्या सुरक्षेच्या कवायतीला मात्र सगळ्यांना न्या. 'कोस्टा काँकॉर्डिया'च्या 2012च्या अपघातानंतर नियम झाला की ही कवायत निघण्याआधी किंवा निघताक्षणी झालीच पाहिजे. अब्बांनी पट्टे असे बांधले की शिकवणारा मुलगा बघत राहिला.

खिडकी डाव्या बाजूची मी मुद्दाम मागितली होती. मुंबईहून दक्षिणेला जाताना कोकणचा किनारा डावीकडे राहतो. जहाज दूरवरून आणि बरंचसं रात्री जातं, त्यामुळे काही दिसेलच अशी हमी नाही. मच्छीमारांच्या होड्यांचे दिवे मात्र दिसतात. जाताना किब्ला उजवीकडे, म्हणजे आमच्या दाराच्या बाजूला. दोन पलंगांमध्ये एकच मुसल्ला मावत होता, म्हणून आम्ही पाळीपाळीने नमाज पढलो. अब्बा खुर्चीवर बसून पढतात. त्यांना दर वेळी खुर्ची खिडकीकडून दाराकडे वळवून द्यावी लागे.

पहिल्या रात्री सव्वाबाराला पैंजण नाही, खुर्ची वाजली. मियां उठून बसले. अब्बा खिडकीशी होते. वॉचचं काही बोलले नाहीत. "इंजिन बरं चाललंय," एवढंच म्हणाले. मियांनी सकाळी मला सांगितलं की ते तीनेक वाजेपर्यंत तसेच बसले होते, एकदा त्यांना जवळ बोलावून दूरचा लुकलुकणारा दिवा दाखवला आणि म्हणाले, "जयगड." तो जयगडचाच होता की आणखी कुठला, हे मियांना काय कळणार, ते नागपूरचे.

दुसऱ्या रात्रीही तेच. मी मुलींना झोपवून जरा वेळ त्यांच्याजवळ जाऊन बसले. विचारलं, "अब्बा, तुमच्या खोलीला कधी खिडकी होती?" ते म्हणाले, खोलीला होती, एक बारकीशी, पण वॉचवरून आलं की उजेड नको म्हणून तिच्यावर पुठ्ठा लावलेला असायचा. अठ्ठावीस वर्षं.

परतीच्या प्रवासात किनारा उजव्या बाजूला गेला. आमच्या खिडकीत आता नुसतं पाणी होतं, आणि किब्लाही तिकडेच. नातवाने विचारलं, "नाना, खुर्ची वळवू?" अब्बा म्हणाले, "राहू दे."