पदरच्या दोन ओळी

वेदपाठशाळेत आलो तेव्हा ट्रंकेच्या तळाशी माझी रोजनिशी होती. पहाटेच्या स्नानसंध्येपासून रात्रीच्या आवृत्तीपर्यंत दिवस ऋग्वेदाच्या संथेत सरे. त्याची १० मंडले, १०२८ सूक्ते. त्यांत माझी एक मात्राही चालणार नव्हती. महिनाभर रोजनिशी कोरीच राहिली. अपौरुषेय वाणी मुखोद्गत करता करता आपले चार शब्द हरपतील, या भयाने एके सायंकाळी ती गुरुजींपुढे ठेवली. वाटले, रागावतील. पाने चाळून ते एवढेच म्हणाले, "संथेत पदरचे घालू नये. पदरचे असेल ते येथे लिहावे, पण रोज."

तेव्हापासून निजण्यापूर्वी दोन ओळी लिहितो. दिवसा स्वर चुकला असेल, तर तेही. आवृत्तीवाचून संथा टिकत नाही, लेखणीही नाही.