वर्गात जायचं ठरवलंच असेल तर

चि. निखिल यास,


विद्यापीठाच्या नेमणुकीची ऑर्डर हातात आल्यापासून घरात दोन तट पडल्याचं कळलं. दादाच्या मते ईऑन आयटी पार्कमधली रिसर्चची नोकरी सोडणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. वहिनीच्या मते प्राध्यापकाला दिवाळीची, उन्हाळ्याची सुट्टी असते, म्हणजे पोरगा निदान घरी दिसेल. माझा जन्म याच धंद्यात गेला, म्हणून सांगते: ताट अगदीच रिकामं नसतं आणि सुट्टीत पेपर तपासायचे असतात.

आधी पैशाचं बोलू. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. खासगी संस्थेत कागदावरचा आकडा आणि खात्यात येणारा आकडा निराळे असू शकतात, तेव्हा ऑर्डर नीट वाच. खराडीच्या फ्लॅटचा हप्ता यातून सुटतो का, ते सूनबाईबरोबर बसून मांड. आठवड्याला वर्गातले 16 तास तर यूजीसीच्या नियमातच आहेत. शिवाय नॅकच्या फायली, अंतर्गत गुण, प्रवेशाची धांदल. ‘सर, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना’ म्हणून विभागाची वेबसाइटही तुझ्याच गळ्यात पडेल. कंपनीत केलेलं बरंचसं काम गोपनीय, त्यामुळे पदोन्नतीच्या वेळी दाखवायचे पेपर नव्याने लिहावे लागतील.

एवढं सांगूनही मी तुला अडवणार नाही, आणि त्याचं कारण अरविंद जोशी. तुझ्याच विषयातला, संगणकीय भाषाशास्त्रातला, हा पुण्याचा माणूस. 1929 सालचा जन्म, पुणे विद्यापीठाची इंजिनीअरिंगची पदवी, मग बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था. 1954 साली अमेरिकेत जाऊन आरसीए कंपनीत इंजिनीअर म्हणून लागले आणि नोकरी करता करता पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकू लागले. 1958 साली नोकरी सोडून ते भाषाशास्त्रज्ञ झेलिग हॅरिस यांच्या हाताखाली गेले. युनिव्हॅक संगणकाकडून इंग्रजी वाक्याची फोड करून घ्यायची, असं ते काम. 1960 साली पीएच.डी. झाली आणि पुढे तिथेच प्राध्यापक झाले. वाक्य आतून कसं जुळतं, हा प्रश्न त्यांनी काही सोडला नाही. 1975 साली दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ट्री-ॲडजॉइनिंग ग्रामर मांडलं. छोटं झाड मोठ्या झाडात मधेच कलम करावं, तशी वाक्यं बांधायची ही रीत. संगणकीय भाषाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पहिला जीवनगौरव पुरस्कार 2002 साली त्यांनाच मिळाला.

पहिल्या फोडीपासून त्या मांडणीपर्यंत दीड दशक गेलं. दर तिमाहीला आढावा घेणारी कंपनी सहसा इतकी थांबत नाही. त्यात तिचं काही चुकत नाही; प्रश्न तिचा, पैसाही तिचा.

‘एकदा बाहेर पडलास की परतीची वाट बंद’, हे दादाचं म्हणणं मात्र मनावर घेऊ नकोस. ई. सी. सुब्बाराव अमेरिकेत वेस्टिंगहाउसच्या प्रयोगशाळेत होते, तिथून आयआयटी कानपूरला शिकवायला आले. आणि 1981 साली टाटांनी पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था काढली, तेव्हा तिची धुरा त्यांच्याकडेच आली. ही वाट दोन्हीकडून चालती आहे.

तुझ्याबद्दल मला भरवसा वाटतो तो तू आमच्या विभागात पाहुणा म्हणून शिकवायला आलास तेव्हापासून. फळ्यावर ‘मी घरी येताना साप पाहिला’ असं लिहून तू विचारलंस, घरी कोण येत होतं? सगळे म्हणाले, ‘मी’. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, सापच घरी येत असेल तर?” वर्ग खिदळला. तू मात्र स्लाइड तशीच ठेवून खडू उचललास आणि मशीनला हे कळणार कसं, यावर तिच्याशी वाद घालत बसलास. ठरलेला भाग तसाच राहिला. मीटिंगमध्ये कुणी असा साप काढला असता, तर ‘पुढच्या रिलीजला बघू’ म्हणून विषय मिटला असता.

तेव्हा मॅनेजरला कंटाळून किंवा नगर रोडच्या ट्रॅफिकला वैतागून निघत असशील, तर सरळ कंपनी बदल. विभागप्रमुख हाही मॅनेजरच असतो, आणि बऱ्याचदा तो निवृत्तीपर्यंत तिथेच असतो. पण दहा वर्षं उराशी धरावा असा स्वतःचा प्रश्न तुझ्याकडे असेल, तर खुशाल जा. तो प्रश्न दोन ओळींत, मराठीत, दादाला कळेल असा लिहून मला पाठव. जमला तर दुसऱ्या दिवशी राजीनामा दे. नाही जमला, तर नोटीस पिरियडचं दिवाळीनंतर बघू. तोवर ऑर्डरवर मुदतवाढ मागून ठेव.

तुझी,
आत्या