मार्कांची ओळ कोरी

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मी विद्यार्थी-सल्लागार आहे. रुजू झाल्याबरोबर ‘फर्पा’चं प्रशिक्षण झालं. हा १९७४ चा कायदा. मूल कॉलेजात दाखल झालं, की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा आईवडिलांचा हक्क त्याच्याकडे जातो, मग वय सतरा का असेना. मार्क, हजेरी, शिस्तभंगाची कारवाई, काहीही त्याच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर सांगायचं नाही. तपासलेले पेपर दाराबाहेर गठ्ठ्यात ठेवायचे नाहीत. कामाशी संबंध नसेल, तर सहकाऱ्यालाही फाइल दाखवायची नाही. आमच्या वेळी नावानिशी निकाल फळ्यावर लागायचा आणि आपल्याआधी शेजारच्या काकूंना कळायचा. त्यामुळे सुरुवातीला हे सगळं मला सोवळं पाळल्यासारखं वाटे.

मग एका वडिलांचा महाराष्ट्रातून फोन आला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आडनाव पाहून त्यांनी थेट मराठीतच सुरुवात केली. ‘‘मॅडम, मुलगी नीट बोलत नाही. तिचे मार्क तेवढे सांगा. फी मी भरतोय, घरावर कर्ज काढलंय!’’

फी भरली म्हणून हक्क मिळत नाही. अमेरिकेत कर भरणाऱ्या पालकांनी करविवरणात मुलाला अवलंबित दाखवलं असेल, तर विद्यापीठ त्यांना नोंदी दाखवू शकतं. तेही सक्तीचं नाही. इथे तो प्रश्नच नव्हता. जिवाला धोका असेल तर मात्र नियम आड येत नाही, म्हणून आधी तेच विचारलं. तसं काही नव्हतं. ‘‘काका, मला सांगता येणार नाही, पण तुमचं ऐकता येईल,’’ मी म्हटलं. ते बराच वेळ बोलले.

दुसऱ्या दिवशी मुलीला बोलावलं आणि वडिलांचा फोन आल्याचं सांगितलं. ती बाहीचं टोक पिळत बसली. ‘‘तुम्ही काही सांगितलं नाही ना?’’ नाही म्हटल्यावर भडाभडा बोलली. एक विषय सोडायचा होता. पण पदवीच्या परदेशी विद्यार्थ्याला सत्रात साधारण १२ क्रेडिट ठेवावीच लागतात. पूर्वपरवानगीशिवाय त्याखाली गेलं, तर व्हिसा अडचणीत. आणि गंमत अशी, की जे बापाला सांगायचं नाही, ते इमिग्रेशन खात्याला मात्र कळवावंच लागतं. तिला घेऊन आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात गेले.

नंतर परवानगीचा अर्ज तिच्यापुढे ठेवला. कोणती नोंद, कोणाला, कशासाठी, हे लिहून खाली सही-तारीख घालायची असते. तिने वडिलांचं नाव लिहिलं, फीच्या खात्यापुढे खूण केली आणि मार्कांची ओळ कोरी सोडली. ‘‘ते मी सांगेन.’’

काकांचा अजून फोन येतो. फीचं विचारतात, मी सांगते. मागच्या वेळी तिचे मार्क त्यांनीच मला सांगितले. मी ऐकून घेतले.