चार चौकोन

माझ्या चष्म्यावर धूळ बसली होती, एवढेच मी घरी सांगितले होते. आणि चष्म्यावर धूळ बसली, तर माणूस तो काढून पुसणारच! 2025 च्या सप्टेंबरात आम्ही तिघे 'दशावतार' पाहून परतत होतो, तेव्हाची ही गोष्ट. दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला तो म्हातारा दशावतारी नट पाहताना मला रडू आले, असा आरोप आमच्या सौभाग्यवतींनी रिक्षातच केला. मी तो साफ फेटाळून लावला. मराठीचा प्राध्यापक करुणरसावर तासभर व्याख्यान देतो. स्वतः रडायला त्याला सवड कुठली?

पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी आमच्या कन्यारत्नाने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर चार चौकोन होते. पहिल्यात चित्रपटगृहाच्या दारातली गर्दी. दुसऱ्यात पडद्याचा उजेड अंगावर घेऊन बसलेला एक टकलू गृहस्थ. तिसऱ्यात त्याच गृहस्थाचा चष्मा हातात, आणि गालावर एक पांढरा ठिपका. चौथ्यात नुसता चष्मा, खुर्चीच्या हातावर विसावलेला. चित्रात एक अक्षर नव्हते. तरीही सारी सोलापूर नगरी ज्याला ओळखते (निदान भवानी पेठ तरी ओळखतेच), तो गृहस्थ कोण, हे सांगण्याची गरज नव्हती.

"हे तू कुणाला दाखवलंस?" मी घाबरून विचारले.

"काल रात्रीच इंटरनेटवर टाकलं, बाबा. खूप जणांना आवडलं."

पोरगी सतरा वर्षांची. बारावीला, शास्त्र शाखेत. गेली दोन वर्षे ती प्रत्येक सिनेमावर असे चार चौकोन काढते. 2025 च्याच फेब्रुवारीत 'छावा' आला, तेव्हा जो तो घोड्यांची आणि तलवारींची चित्रे काढत होता. हिने काय काढावे? मावळ्याच्या वेषात येऊन पहिल्या रांगेत बसलेला आणि मध्यंतरालाच आईच्या मांडीवर झोपी गेलेला एक पोरगा! मी तिला एकदा म्हटले होते, "अगं, एवढे सिनेमे पाहतेस, तर एखादं नीट परीक्षण लिही." त्यावर ती म्हणाली, "बाबा, परीक्षण सिनेमाचं करतात. मी सिनेमा बघणाऱ्यांना काढते."

या उत्तरावर मी निरुत्तर झालो. 1925 साली बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मलेल्या शि. द. फडणिसांनी शब्दांवाचून हसवण्याची कला मराठी घराघरांत नेली. त्यांच्या चित्रांनी सजलेली मुखपृष्ठे दिवाळीत हातात घेताना आम्ही कधी म्हटले नाही, की यांनी चित्राऐवजी निबंध लिहायला हवा होता. मग घरच्या चित्राबद्दलच ही तक्रार का?

मी चहाचा कप उचलला. तेवढ्यात ती जरा हळू आवाजात म्हणाली, "बाबा, बारावीनंतर मी चित्रकलेच्या कॉलेजात जाऊ?"

आणि काय सांगू, माझ्या जिभेवर एक वाक्य आयते येऊन बसले. ते माझे नव्हतेच. ते आमच्या अण्णांचे होते.

आमचे अण्णा चादरीच्या कारखान्यात नक्षीकार होते. सोलापुरी चादर पांघरणाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल, की तिच्यावरचा मोर आधी कागदावर जन्माला येतो. आलेखाचा कागद घ्यायचा. त्यावरचा एकेक बारीक चौकोन म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एकेक भेट. कोणता चौकोन भरायचा आणि कोणता कोरा ठेवायचा, हे नक्षीकाराने ठरवायचे. त्याबरहुकूम जाड कार्डांना भोके पाडतात आणि ती कार्डे जेकार्डाच्या मागावर चढवतात. भोक असेल तिथे धागा उचलला जातो. नसेल तिथे तो खालीच राहतो. एक चौकोन चुकला, तर हजार चादरींवरच्या मोराची चोच वाकडी! आमच्या पेठेत दिवसरात्र मागांची खटखट चाले. तेलुगू, कन्नड आणि मराठी यांची खिचडी बोलत माणसे ये-जा करीत. आणि आमच्या घरात दिव्याखाली वाकून अण्णा चौकोन भरत असत.

चौकोनांची दुसरी शाळा मला घराबाहेर सापडली. घरापासून थोड्या अंतरावर एका पत्र्याच्या शेडमध्ये सिनेमाचे बोर्ड रंगवणारे एक पेंटर बसत. शाळा सुटली, की मी तिथे. सिनेमाच्या कंपनीकडून आलेल्या वीतभर फोटोवर ते पेन्सिलीने चौकोन आखीत. मग निळीत बुडवलेली दोरी ताणून, टचकन सोडून, भल्याथोरल्या कापडावर तितकेच मोठे चौकोन पाडीत. या चौकोनातला कान त्या चौकोनात न्यायचा, या चौकोनातली मिशी त्या चौकोनात. बघता बघता नायक दोन पुरुष उंच होई! सिनेमा बदलला, की त्याच कापडावर पांढरा हात फिरे आणि पुढल्या शुक्रवारचा नायक जुन्या नायकाच्या छातीवर उभा राही.

1991 साली 'माहेरची साडी' आला. मी दहा वर्षांचा होतो. अलका कुबल यांचा चेहरा कापडावर जवळजवळ पुरा झाला होता. पेंटरांनी एकाएकी कुंचला माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घ्या मालक, एक थेंब तुम्ही काढा."

मी पांढऱ्या रंगात कुंचला बुडवला. त्यांनी माझा हात धरला. "थेंब पांढरा नसतो मालक. त्याच्यातनं गाल दिसतो की! खाली जराशी सावली द्या. आणि वर एकच ठिपका, उजेडाचा. बस्स!"

मी तसे केले, आणि चमत्कार व्हावा तसा गालावर अश्रू उभा राहिला. त्या संध्याकाळी मी आईच्या डोळ्यांकडे पाहिले, शेजारच्या काकूंच्या पाहिले. चुलीच्या धुराने भरलेले डोळे आणि दुःखाने भरलेले डोळे यांच्यात फरक काय, हे शोधत हिंडलो. इतके निरखून मी पुढे आयुष्यात काही पाहिले असेल, असे वाटत नाही.

रंगलेल्या हातांनी घरी आलो. अण्णा मोर भरीत होते. रंगाचा वास त्यांच्या नाकाशी गेला असावा. मान वर न करता, पुढचा चौकोन भरता भरता ते म्हणाले, "चित्रानं पोट भरत नसतंय रे."

चित्र काढून चौघांची पोटे भरणाऱ्या माणसाने हे म्हणावे, यातली गंमत मला तेव्हा कळली नाही. मी शेडमध्ये जाणे सोडले. अभ्यास केला, एम. ए. झालो, वर्गात उभा राहून बोलू लागलो.

अण्णा चुकले, असे म्हणून हा निबंध मला गोड करता आला असता. पण ते चुकले नाहीत. पुढे नक्षीचे काम संगणकावर गेले आणि अण्णांचे कागद माळ्यावर गेले. सिनेमाचे बोर्ड फ्लेक्सवर छापून येऊ लागले. पेंटरांनी काही दिवस वाहनांच्या नंबरपाट्या रंगवल्या, मग शेडच मोडली. दोघांच्याही हातांत विद्या होती, आणि दोघांचीही विद्या त्यांच्या डोळ्यांदेखत स्वस्त झाली.

यावर कुणी म्हणेल, अहो, आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात 1915 साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे फलकच रंगवीत होते ना? कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले. 1920 च्या 'सैरंध्री'चे दिग्दर्शन त्यांचेच, आणि आपल्या सिनेमांची पोस्टरेही ते स्वतःच रंगवीत. तिकडे बंगालात सत्यजित राय यांनी 1955 सालचा 'पथेर पांचाली' आधी वहीत चित्रांनी काढला आणि मग पडद्यावर आणला. सारे खरे! पण बोर्ड रंगवणारा प्रत्येक माणूस हुसेन होत नाही. आमचे पेंटर झाले नाहीत.

मग मी लेकीला काय सांगायचे?

चहा निवत होता. मी पुन्हा ते चार चौकोन पाहिले. अण्णांचे चौकोन यंत्राच्या पोटात गेले, पेंटरांचे पांढऱ्या रंगाखाली गेले. आणि हे पाहा, माझ्या हातातल्या मोबाइलवर ते पुन्हा हजर होते. तो पडदाही म्हणे असंख्य बारीक चौकोनांचाच बनलेला असतो! धंदा बुडतो, काय भरायचे आणि काय कोरे ठेवायचे, हे ठरवणारी नजर मात्र कुणाच्या तरी हातात पुन्हा उगवते. पोट भरेल की नाही, हे मला सांगता येणार नव्हते. पण चित्र सोडल्यावर काय उपाशी राहते, ते मला ठाऊक होते. काल रात्री मी रडलो, हे मला स्वतःला कबूल करता आले नव्हते. पोरीने ते पाहिले होते.

"जा," मी म्हटले. "पोटाचं काय करायचं, ते आपण दोघं मिळून बघू."

ती काही बोलली नाही. मोबाइल खाली ठेवून तिने आपली मोठी पाटी आणली. तीच, जिच्यावर काचेवर लिहावे तसे लिहिता येते. तिसरा चौकोन मोठा करून म्हणाली, "बाबा, इथं काहीतरी चुकलंय. दुरुस्त करायचंय मला. हा थेंब खडीसाखरेसारखा दिसतोय."

मी तिच्या हातातली लेखणी घेतली. चौतीस वर्षांनी हात जरा थरथरला. पांढरा रंग पुसला, खाली जराशी सावली दिली, वर एकच ठिपका.

"अय्या!" पोरगी ओरडली. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

मी तिला पेंटरांची गोष्ट सांगू लागलो. इतक्या वर्षांत ती मी कुणालाच सांगितली नव्हती. ती रंगात आली असतानाच स्वयंपाकघरातून आवाज आला,

"अहो, म्हणजे चष्म्यावर धूळ नव्हतीच तर!"