बारा व्होल्टचा हिशेब

मंगळवार, १३ मे २०२५

पुतणी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. सबमिशन तोंडावर, आणि रेंडर लावला की संगणक आपोआप रीस्टार्ट होतो. एरवी दिवसभर ठणठणीत. विंडोज नव्याने टाकून झालं, रॅम काढून-घालून झाली. "काका, मदरबोर्ड गेला म्हणतात," असा तिचा फोन. मला पटेना. भार आल्यावरच मशीन बसत असेल तर पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर घ्यावा.

संध्याकाळी कॉलेज रोडला तिच्या घरी गेलो. कॅबिनेटच्या किमतीत आलेला एसएमपीएस. हातात घेतला तर हलकाफूल. वर ठळक ४५० वॅट. खालच्या बारीक तक्त्यात मात्र १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॅट. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या नावावर. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोन्ही खादाड गोष्टी १२ व्होल्टवर चालतात. तिचं आरटीएक्स ३०६० कार्ड एकटंच १७० वॅटचं.

बुधवार, १४ मे

मीटर घेऊन बसलो. चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरला काळा प्रोब काळ्या तारेत, लाल प्रोब पिवळ्यात. नुसता डेस्कटॉप उघडा असताना १२.०४. रेंडर सुरू केला, आकडा उतरू लागला: ११.७, ११.५, ११.३, आणि स्क्रीन काळी. इंटेलच्या एटीएक्स मानकात १२ व्होल्टला पाच टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे ११.४ ते १२.६. त्याखाली गेलं की भरवसा संपला. पुतणी शेजारी उभी राहून आकडे वाचत होती; मदरबोर्डचा विषय तिथेच मिटला.

हिरवी आणि काळी तार जोडून पंखा फिरवून दाखवायचा आणि "एसएमपीएस ओके" म्हणायचं, ही पद्धत सगळीकडे आहे. त्यातून तो सुरू होतो एवढंच कळतं. वजन न उचलता पैलवान जोखण्यासारखं आहे ते.

तिने विचारलं, उघडून दुरुस्त करता येईल का? नाही. २३० व्होल्ट एकदिश झाले की आत सव्वातीनशेच्या आसपास भरतात, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ राहतात. घरी तो डबा उघडू नये.

शुक्रवार, १६ मे

दुपारी शरणपूर रोडला दुकानांत फिरलो. पुतणीला बरोबर नेलं. निवड तिनेच करावी अशी इच्छा होती. हिशेब साधा: कार्ड १७०, प्रोसेसर ऐंशीच्या घरात, बाकी पन्नास; तीनशे वॅट. कार्ड क्षणभरासाठी बरीच जास्त ओढतं, म्हणून ५५० वॅटचा घ्यायचा ठरवला.

एका दुकानात "८० प्लस ब्रॉन्झ आहे, डोळे झाकून घ्या" म्हणाले. हे प्रमाणपत्र २००४ पासून आहे आणि कामाचं आहे, पण ते मोजतं कार्यक्षमता: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती पुढे पोचली. भाराखाली व्होल्टेज किती स्थिर राहतं, हे ते सांगत नाही. खोक्यावरचा तक्ता वाचूनच घ्यायला हवं. आम्ही घेतलेल्या डब्यावर १२ व्होल्टला ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट. ५५० मधले ५४०! पाच वर्षांची वॉरंटी आणि पक्कं बिल. जुन्यापेक्षा वजनही चांगलंच जास्त.

शनिवार, १७ मे

जोडण्याआधी भिंतीतला सॉकेट तपासला. फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ मात्र जेमतेम ९०. अर्थिंग तुटलेलं. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, हे ती वर्षभर सांगत होती. अर्थ नसेल तर आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे पत्र्यावर मुख्य व्होल्टेजच्या निम्म्यापर्यंत दाब चढतो. वायरमनला बोलावून तार नीट जोडून घेतली. न्यूट्रल-अर्थ आता एक व्होल्टच्या आत. झिणझिण्या बंद. माझ्या मते एसएमपीएसच्या निवडीइतकंच हे महत्त्वाचं.

नव्यावर तासभर रेंडर. १२.०६ वरून ११.९८, त्याखाली नाही.

सोमवार, १९ मे

मीटरला व्होल्टेजमधले तरंग दिसत नाहीत, तो सरासरी सांगतो. म्हणून नवा डबा अंबडच्या कारखान्यातल्या मित्राकडे ऑसिलोस्कोपवर लावून पाहिला. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंत तरंग चालतात. इथे पूर्ण भारावरही चाळीसच्या आत. ही सोय प्रत्येकाला नसते, आणि घरच्या वापराला मीटर पुरतो.

मंगळवार, २० मे

वळीव. वीज दिवसभर ये-जा करत होती. यूपीएसची परीक्षा आपसूकच झाली. एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, यूपीएसला बॅटरीवर यायला सहसा दहापेक्षा कमी लागतात. जमायला हवं होतं. पण तिचा यूपीएस ६०० व्हीएचा, प्रत्यक्षात ३६० वॅटचा. तीनशे वॅटचा भार, कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून साडेतीनशे जातात. काठावरचा मामला, रेंडर चालू असताना तो शिट्टी मारून बंद पडला. १००० व्हीएचा आणला. मग रेंडर चालू ठेवून मुद्दाम मेन स्विच खाली केला. संगणक चालत राहिला.

गुरुवार, २२ मे

रात्रभर रेंडर चालला, सकाळी सगळ्या शीट तयार. तिच्या मैत्रिणी आता आपापले एसएमपीएस तपासायला मागताहेत. त्यांना मी एकच सांगतो: कॅबिनेटची आणि एसएमपीएसची किंमत वेगवेगळी विचारा, आणि पैसे देण्याआधी तक्त्यातला १२ व्होल्टपुढचा अँपिअरचा आकडा स्वतः वाचा.